अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूळचे यंत्रज्ञ नव्हेत. ते बधिर मुलांचे शिक्षक होते. ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे त्यांचा जन्म झाला. वडील उच्चारशास्त्राचे अध्यापक, तर मातोश्रींना ऐकू फार कमी येई. दोघे भाऊ क्षयाने दगावले, तेव्हा १८७० साली आईवडील या उरलेल्या मुलास घेऊन कॅनडात गेले. पुढल्याच वर्षी बेल अमेरिकेतील बोस्टन येथे बधिर मुलांना शिकवू लागले.

दिवसा अध्यापन आणि रात्री प्रयोग, असा त्यांचा क्रम असे. चार्ल्स विल्यम्स यांच्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात त्यांना थॉमस वॉटसन हा कुशल कारागीर लाभला. २ जून १८७५ रोजी वॉटसनने अडकलेली एक पोलादी पट्टी छेडली आणि तिचा नाद तारेच्या दुसऱ्या टोकाशी बेल यांच्या कानी पडला. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना पेटंट मिळाले व तीनच दिवसांनी यंत्रातून शब्द स्पष्ट ऐकू आले. त्याच शोधावर एलिशा ग्रे यांनीही हक्क सांगितल्याने पुढे बराच वाद झाला.

यंत्र तर सिद्ध झाले. पण गावभर तारा कोठून आणाव्यात? याच कारखान्यात एडविन होम्स यांची उपकरणे बनत. चोर दार उघडताच दूरच्या कचेरीत घंटा वाजावी, अशी त्यांची योजना होती आणि त्यासाठी बोस्टनमध्ये तारांचे जाळे पसरले होते. मे १८७७ मध्ये त्याच तारांना दूरध्वनी जोडले गेले. दिवसा संभाषण, रात्री पहारा!

हा जुना संबंध आज पुन्हा ध्यानात घेण्याजोगा झाला आहे. तांब्याच्या तारेवरील फोनला पुढे दूरध्वनी केंद्रातील बॅटरीतून वीज मिळू लागली. त्यामुळे घरातील दिवे गेले तरी त्यास जोडलेला अलार्म बाहेर वर्दी देई. इंटरनेटवरील फोनला मात्र राउटर लागतो व राउटरला घरची वीज. पावसाळी रात्री सांबऱ्यात वीज गेली आणि राउटर बंद पडला, तर त्याच्या भरवशावरील अलार्मची वर्दी कोणासही पोचणार नाही. घरातली घंटा तेवढी आपल्या बॅटरीवर वाजत राहील. शिवाय इंटरनेटवरून जाताना अलार्मचे सांकेतिक सूर कधी कधी बिघडतात. म्हणून राउटरला बॅटरीचा आधार द्यावा, मोबाईलच्या सिमची दुसरी वाट ठेवावी आणि जोडणी बदलताच वर्दी खरोखर पोचते काय, हे अलार्म वाजवून पाहावे.

जुलै १८७७ मध्ये बेल यांचा विवाह त्यांची विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिच्याशी झाला. लहानपणीच्या आजाराने ती बधिर झाली होती. पतीच्या यंत्रातून येणारा शब्द तिला कधीच ऐकता आला नाही. इकडे १८८२ साली मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले.

सांबऱ्याच्या विमानतळावर विमाने पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आवडेल. १९०७ साली मेबलच्या पैशावर बेल यांनी विमानविद्येसाठी एक मंडळ स्थापिले आणि २३ फेब्रुवारी १९०९ रोजी मंडळाचे ‘सिल्व्हर डार्ट’ विमान कॅनडातील बॅडेक येथे गोठलेल्या सरोवरावरून उडाले.

गंमत अशी की, कामात व्यत्यय नको म्हणून बेल आपल्या अभ्यासिकेत दूरध्वनी ठेवीत नसत. २ ऑगस्ट १९२२ रोजी बॅडेक येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते.