चिंतामणराव देशमुख

सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि संस्कृतचे व्यासंगी होते. अर्थतज्ज्ञ म्हणून सर्वपरिचित असलेल्या देशमुखांची पदवी मात्र निसर्गविज्ञानाची होती. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भूविज्ञान हे तिचे विषय. चरित्रलेखनात ही बाब बहुधा एका ओळीत उरकली जाते.

जन्म आणि शिक्षण

देशमुखांचा जन्म महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरील नाते या गावी झाला. महाड-पोलादपूरचा हा सावित्री खोऱ्याचा प्रदेश तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. वडील वकील होते. चिंतामणरावांचे बालपण रोह्यात गेले व पुढील शिक्षण मुंबईत झाले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली.

असा विद्यार्थी भाषा किंवा कायदा या शाखांकडे वळणे हा त्या काळचा रिवाज होता. देशमुखांनी केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाची वाट धरली. तेथील ट्रायपॉस परीक्षेच्या पहिल्या भागासाठी अनेक विज्ञानविषयांचा एकत्र अभ्यास करावा लागे. वनस्पतींचे पोषण असो वा खडकांची घडण, दोहोंचा उलगडा रसायनशास्त्रावाचून होत नाही. त्यामुळे त्यांची विषययोजना वरवर दिसते तितकी विस्कळीत नव्हती. १९१७ साली ते पदवीधर झाले व वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकाचे मानकरी ठरले. पुढच्याच वर्षी लंडन येथे झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. प्रयोगशाळेशी त्यांचा औपचारिक संबंध येथे संपला.

प्रशासन आणि राजकारण

मध्य प्रांत व वऱ्हाडात महसूल आणि अर्थ खात्यांचे सचिवपद सांभाळल्यावर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ऑगस्ट १९४३ ते जून १९४९ या काळात ते गव्हर्नर होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९५० साली ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय आणि तेथे झालेला गोळीबार यांच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मराठी जनमानसात त्यांचे स्थान मुख्यत्वे या राजीनाम्यामुळे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोग

१९५६ ते १९६१ या काळात देशमुख आयोगाचे अध्यक्ष होते. पूर्वी मॅट्रिकनंतर इंटरमीजिएटची दोन वर्षे असत आणि विज्ञानाचा विद्यार्थी रसायनशास्त्राचा पाया तेथे पक्का करी. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) हा टप्पा मोडून एक वर्ष शाळेला व एक वर्ष महाविद्यालयाला जोडण्याची शिफारस केली होती. त्रैवार्षिक पदवी अभ्यासक्रमाचा प्रसार देशमुखांच्या कारकिर्दीत झाला. ज्या शाळांना हे वाढीव वर्ष चालवणे शक्य नव्हते, तेथील विद्यार्थ्यांसाठी एका वर्षाचा विद्यापीठपूर्व वर्ग ठेवण्यात आला. पदवीला त्यामुळे अधिक अवधी मिळाला; परंतु गावच्या शाळेत प्रयोगनळी न पाहिलेल्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकांसाठी एक वर्ष अपुरेच होते. देशमुखांनंतर अध्यक्ष झालेले भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या शिक्षण आयोगाने (१९६४–६६) पदवीपूर्व दोन वर्षांचा टप्पा पुन्हा सुचविला. आजची अकरावी-बारावी त्यातून आली.

पुढे १९६२ ते १९६७ या काळात देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

लेखन

देशमुखांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद केला, तसेच गांधीवचनांचे संस्कृत पद्यरूपांतर ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ या नावाने प्रसिद्ध केले. वनस्पतिशास्त्राचा वारसा त्यांच्या बागकामाच्या आवडीत अखेरपर्यंत टिकून होता. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार व १९७५ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.