आंतोन माकारेंको

आंतोन सेम्योनोविच माकारेंको (१३ मार्च, १८८८ – १ एप्रिल, १९३९) हे सोव्हिएत संघातील शिक्षणतज्ज्ञ व लेखक होते. यादवी युद्धात अनाथ व बेघर झालेल्या, गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांसाठी त्यांनी चालविलेल्या दोन संस्थांमुळे त्यांचे नाव जगभर झाले. यांपैकी दुसऱ्या संस्थेत मुलांच्या हातून 'फेड' हा रेंजफाइंडर कॅमेरा तयार झाला. पुढे अनेक दशके चाललेल्या स्वस्त सोव्हिएत कॅमेऱ्यांच्या व भिंगांच्या परंपरेचा उगम या कॅमेऱ्यात आहे.

प्रारंभीचे जीवन

माकारेंको यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील बिलोपिल्या येथे झाला. वडील रेल्वेच्या कारखान्यात रंगारी होते. एक वर्षाचा शिक्षक-अभ्यासक्रम पूर्ण करून १९०५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते क्र्युकिव्ह येथील रेल्वे शाळेत शिक्षक झाले. १९१७ मध्ये पोल्ताव्हा येथील शिक्षक संस्थेतून ते सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले. मधल्या काळात त्यांना सैन्यात बोलावण्यात आले होते. मात्र दृष्टी अधू असल्याने त्यांची सुटका झाली.

गॉर्की वसाहत

१९२० साली पोल्ताव्हाजवळ बालगुन्हेगारांसाठी काढलेल्या वसाहतीची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे तिला लेखक माक्सिम गॉर्की यांचे नाव देण्यात आले. सुरुवातीला उद्दामपणा करणाऱ्या एका मुलावर त्यांनी हात उगारला होता. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुस्तकात नोंदवला असून टीकाकारांनी तो कधी विसरू दिला नाही. मुलांचे पूर्वीचे गुन्हे सांगणारी कागदपत्रे वाचण्याचे मात्र त्यांनी हळूहळू सोडून दिले. आलेल्या मुलाला त्याच्या भूतकाळासकट ओळखण्याऐवजी गटात सामावून घ्यावे आणि त्याच्यावर खरी जबाबदारी टाकावी, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. गटाचे नेते, सभा, गणवेश व शिस्त यांना तीत मोठे स्थान होते. युक्रेनमधील शिक्षणतज्ज्ञांना ही पद्धत लष्करी वाटली. विरोध वाढल्यामुळे १९२८ मध्ये माकारेंको यांना वसाहत सोडावी लागली.

जेर्झिन्स्की कम्यून आणि फेड कॅमेरा

सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच जेर्झिन्स्की यांच्या स्मरणार्थ त्यांच्या खात्यातील लोकांनी पगारातून वर्गणी काढून खारकिव्ह येथे मुलांसाठी कम्यून उभारले. ते १९२७ च्या अखेरीस सुरू झाले व माकारेंको त्याचे प्रमुख झाले. ज्या यंत्रणेच्या नावाने लोक धास्तावत, तिच्याच आश्रयाखाली त्यांचे सर्वांत यशस्वी काम झाले, ही विसंगती त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

प्रारंभी येथे लाकडी सामान व साधे धातुकाम होई. यंत्रे जुनाट होती, माल सुमार होता. तरीही त्याच्या विक्रीतून १९३० मध्ये कम्यून स्वावलंबी झाले. मुले दिवसाचे चार तास कारखान्यात काम करीत व उरलेल्या वेळात शिकत. साठलेल्या पैशातून प्रथम विजेवर चालणाऱ्या ड्रिलचा कारखाना निघाला. त्यानंतर जर्मनीच्या लायका-२ या कॅमेऱ्याची नक्कल करण्याचे ठरले. १९३२ च्या अखेरीस पहिले नमुने तयार झाले आणि १९३४ पासून नियमित उत्पादन सुरू झाले. जेर्झिन्स्की यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याला 'फेड' हे नाव मिळाले. अत्यंत बारीक मापाचे शेकडो सुटे भाग काही वर्षांपूर्वी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांनी घडवावेत, हे अनेकांना अशक्य वाटले होते. आरंभीच्या कॅमेऱ्यांत मापे एकसारखी नसत. त्यामुळे प्रत्येक भिंग त्याच्या कॅमेऱ्याशी स्वतंत्रपणे जुळवावे लागे आणि एकाचे भिंग दुसऱ्याला नीट चालेलच असे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाची झळ पोहोचेपर्यंत दीड लाखाहून अधिक फेड कॅमेरे तयार झाले.

उत्पादक श्रमातून शिक्षण व शाळेचे स्वावलंबन हा विचार त्याच दशकात विदर्भातही मांडला गेला. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेतून महात्मा गांधींची नई तालीम पुढे आली. मात्र तेथे चरखा व ग्रामोद्योग होते, तर खारकिव्हमध्ये लेथ व काचेची भिंगे. साम्य यापुढे फार ताणता येत नाही.

लेखन व मृत्यू

१९३५ मध्ये माकारेंको यांची कीव्ह येथे प्रशासकीय पदावर बदली झाली आणि कम्यूनशी त्यांचा संबंध संपला. कॅमेऱ्याचा कारखाना वाढत गेला. शाळा मात्र टिकली नाही. १९३७ मध्ये ते मॉस्कोला गेले व लेखनावर जगू लागले. गॉर्की वसाहतीवरील 'शैक्षणिक महाकाव्य' (१९३३–३५), 'पालकांसाठी पुस्तक' (१९३७) आणि कम्यूनवरील 'मनोऱ्यांवरील झेंडे' (१९३८) ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. १ एप्रिल, १९३९ रोजी मॉस्कोजवळील गोलित्सिनो स्थानकावर गाडीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते.

फेडनंतरची भिंगे

१९४८ पासून क्रास्नोगोर्स्क येथे फेडच्याच आराखड्यावर 'झोर्की' कॅमेरा निघू लागला. युद्धानंतर जर्मनीतील झाइस कंपनीची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात आली. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी आखलेल्या सोनार भिंगावरून ज्युपिटर-३ व ज्युपिटर-८ ही भिंगे बनली. इंडस्टार मालिका टेसार भिंगाच्या धर्तीवर होती. ३९ मिलिमीटर आट्यांची ही भिंगे लायकाच्या जुन्या कॅमेऱ्यांवरही बसतात. अल्प किमतीमुळे फिल्मवर छायाचित्रण करणारे हौशी लोक ती आजही वापरतात. मात्र त्यांची फोकसची रचना लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. दूरच्या दृश्यात किंवा छिद्र लहान ठेवल्यास हा फरक जाणवत नाही. छिद्र पूर्ण उघडून जवळचा चेहरा टिपताना फोकस थोडा पुढेमागे सरकतो, आणि तो दूर करण्यासाठी भिंगातील चकतीची जाडी बदलावी लागते.