छिद्रांच्या रांगेतून घडलेले इंजिन
राइट बंधूंच्या विमानाचे इंजिन घडविणारे कुशल कारागीर चार्ल्स टेलर यांचा जन्म २४ मे १८६८ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. १९०१ मध्ये ते डेटन येथे राइट बंधूंच्या सायकल दुकानात रुजू झाले. विमानाला पेलेल असे हलके इंजिन कोणताही कारखानदार देईना, तेव्हा टेलर यांनी लेथ व ड्रिलिंग यंत्राच्या साह्याने ते सहा आठवड्यांत सिद्ध केले. क्रँकशाफ्टसाठी त्यांनी जाड पोलादी पाटावर आकृती आखली, तिच्या कडेने छिद्रांची रांग पाडली, नको असलेला भाग हातोडीने पाडला आणि उरलेला लेथवर अचूक मापाला आणला. १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान १२ सेकंद उडाले. राइट बंधू अजरामर झाले. टेलर यांच्या वाट्याला मात्र उतारवयात विपन्नावस्था आली. ३० जानेवारी १९५६ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.