डॉ. मेबल आरोळे : ताटातला अन्याय ओळखणाऱ्या डॉक्टर

नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीडच्या सीमेला लागून जामखेड हा पर्जन्यछायेतला तालुका आहे. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले. त्यांच्याच नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना मात्र जामखेड ठाऊक आहे ते वेगळ्याच कारणाने. ते कारण घडविणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मेबल आरोळे, जन्माने महाराष्ट्राबाहेरच्या होत्या.

मेबल इमॅन्युएल यांचा जन्म १९३५ साली जबलपूरला झाला. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक, घरात विद्येचे वातावरण. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. बायकांना पुरुष डॉक्टरकडे नेत नाहीत आणि स्त्री डॉक्टर मिळत नाही, म्हणून बाळंतपणात जीव जातात, हे पाहून आयडा स्कडर यांनी उभारलेली ही संस्था. नगर जिल्ह्यातले रजनीकांत आरोळे त्यांना तिथेच भेटले. १९६० मध्ये दोघांचा विवाह झाला आणि खेड्यातील गोरगरिबांत काम करायचे, हे तेव्हाच ठरले. असे संकल्प तरुणपणी पुष्कळ जण करतात. या दोघांनी तो मोडला नाही.

प्रारंभीची काही वर्षे नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात गेली. रुग्णांची रीघ लागे, उपचार होत, रुग्ण बरे होऊन घरी जात आणि काही महिन्यांनी तेच रुग्ण तेच दुखणे घेऊन परत येत. यातले बहुतेक आजार टाळता येण्याजोगे आहेत आणि त्यांचे मूळ दूषित पाण्यात व अपुऱ्या अन्नात आहे, हे आरोळे दाम्पत्याच्या ध्यानी आले. पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास झाला. परतल्यावर १९७० मध्ये त्यांनी जामखेड निवडले. गावच्या पुढाऱ्यांनी जागा दिली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची.

त्या वेळी या भागात हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांखालील सुमारे ४० टक्के मुले कुपोषित होती. मूल वाळत चालले की देवीचा कोप झाला असे समजत, नवस बोलला जाई, अंगारा लावला जाई. जुलाब लागलेल्या मुलाचे खाणेपिणे तोडत. बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध टाकून देत. घरातली बाई सर्वांच्या शेवटी जेवे आणि भांड्यात उरले असेल तेवढ्यावर भागवी. मुलीच्या ताटात मुलापेक्षा कमी पडे, यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

सर्वांत विलक्षण रूढी गर्भवतीच्या आहाराची होती. दिवस गेलेल्या स्त्रीने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहील आणि सुटका सोपी होईल, असा समज सर्वत्र होता. शहरी माणूस याला अडाणीपणा म्हणून मोकळा होतो. पण या समजामागे एक भीती होती आणि ती खोटी नव्हती. बाळंतपण घरात, अंधाऱ्या खोलीत. अडले तर रुग्णालय कोसो दूर आणि वाहन नाही. अडलेली बाई मरते, हे प्रत्येक घराने पाहिलेले होते. त्या भीतीवर स्त्रियांना ठाऊक असलेला एकच उपाय म्हणजे उपास. त्यातून आईच्या अंगातले रक्त कमी होई, प्रसूतीतला थोडासा रक्तस्रावही तिला सोसत नसे आणि मूल अडीच किलोच्याही खाली भरे. मरण टाळण्यासाठी योजलेला उपायच मरणाची वाट सोपी करीत होता. म्हणूनच भरपूर खा, एवढे सांगून काही होणार नव्हते. अडलेच तर सोडवणारे कोणी आहे, हा विश्वास आधी निर्माण व्हायला हवा होता. जामखेडला प्रसूतीची सोय आणि आहाराचे शिक्षण हातात हात घालून चालले, त्याचे मर्म हे आहे.

लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हतीच, ती अन्नपाण्याची होती. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालली, विंधनविहिरी घेण्यात आल्या. विहिरींसाठी दलित वस्तीतल्या जागा निवडल्या गेल्या आणि पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे जावे लागले. भाषणांनी न झालेले काम त्या हातपंपांनी बरेच केले.

प्रशिक्षित परिचारिका खेड्यात पाठविण्याचा पहिला प्रयोग मात्र फसला. परक्या, शिकलेल्या मुलीचे गाव ऐकेना आणि तिला गावात राहवेना. तेव्हा गावातलीच बाई निवडावी असे ठरले. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत आणि शिकत. मुलांचे वजन करणे, गर्भवतीची तपासणी, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, स्वच्छ बाळंतपण, कुष्ठरोग-क्षयाची ओळख. जेवण एकत्र, आणि रात्री वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. यांना घडविण्यात मेबलबाईंचा वाटा फार मोठा होता. ज्वारी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी हे पोषणासाठी पुरेसे असते आणि ते परसातही पिकते, ही गोष्ट शेजारीण सांगू लागली तेव्हा सासूलाही पटू लागली. मुलाचे वजन वाढले की चुलीपुढचा वाद आपोआप मिटे.

१९९० च्या दशकापर्यंत प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ३० च्या खाली आले आणि मुलांतील कुपोषण जवळजवळ हटले. तत्पूर्वीच, १९७५ साली, जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागाच्या प्रयोगांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला होता. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार मांडला गेला, त्याला अशा प्रयोगांचा आधार होता. १९७९ मध्ये पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे पद्मभूषणही. भारत सरकारने १९७७ मध्ये गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली खरी. पण नेमले ते मुख्यतः पुरुष. घरातल्या चुलीपर्यंत आणि बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ते पोचणार कसे, हा साधा प्रश्न धोरणकर्त्यांना पडला नाही. स्त्रीलाच आरोग्यसेविका करणारी 'आशा' योजना यायला २००५ साल उजाडले.

खाण्याच्या विकारांची चर्चा आज शहरांत होते ती प्रामुख्याने आरशात पाहून जेवण टाकणाऱ्या तरुणींविषयी. ते दुखणे खरे आहे, जीवघेणेही ठरते आणि त्यावर मनाचे उपचार लागतात. पण रूढीने, भीतीने आणि मायेपोटी स्वतःचे ताट रिकामे ठेवणाऱ्या बाईच्या उपासमारीला वैद्यकाने कधी विकार म्हटले नाही. तिच्या वाट्याला त्यागाचे कौतुक तेवढे आले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

पतीबरोबर लिहिलेले जामखेडच्या कामाचे इंग्रजी पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये डॉ. मेबल आरोळे यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना चौसष्टावे वर्ष चालू होते. 'आशा' योजना त्यांना पाहता आली नाही. डॉ. रजनीकांत आरोळे २०११ पर्यंत होते. त्यानंतर कन्या डॉ. शोभा आरोळे आणि पुत्र रवी यांनी काम पुढे चालविले. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येत राहिले आणि त्यांच्यापुढे धडा द्यायला उभ्या राहत, त्या कधी काळी अंगठा उठविणाऱ्या याच गावांतल्या बायका.