भाऊ दाजींचं गुपित आणि आपली ट्यूब

दिंडोरीच्या बागांत द्राक्षाच्या घडाला उन्हापासून जपायला कागद गुंडाळतात. त्याच बागेत राबणाऱ्या पोरापोरींचा चेहरा मात्र उघडाच. मग चेहरा काळवंडला, पुरळ आलं की आपण काय करतो? मित्राने सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणतो. तिच्यात काय आहे, हे काही विचारत नाही. हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांभोवतीही फिरला होता.

रामचंद्र विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी. जन्म १८२२ चा, गोव्यातल्या मांद्र्याचा. घरची गरिबी, पण पोरगा बुद्धिबळात पटाईत. त्याची चमक पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी वडिलांना सुचवलं, याला इंग्रजी शिकवा. पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झालं आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाल्यावर भाऊ त्याच्या पहिल्याच तुकडीत दाखल झाले. १८५१ मध्ये डॉक्टर झाले. धाकटे भाऊ नारायण यांच्यासोबत त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला.

त्या काळी कुष्ठरोग झाला की माणूस घरातून आणि गावातून तुटायचा. त्वचेवरचे डाग लोकांना आधी दिसत, माणूस नंतर. भाऊंनी जुने संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले आणि कडू कवठाच्या बियांच्या तेलावर प्रयोग सुरू केले. दूरदूरचे रोगी आशेने येऊ लागले.

पण भाऊंनी औषध कोणतं, हे बराच काळ उघड केलं नाही. पूर्ण खात्री झाल्यावरच सांगायचं, असा त्यांचा विचार असावा. इतर डॉक्टरांनी मात्र टीका केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जे माहीत नाही, ते तपासायचं कसं?

भाऊंना तेवढा वेळ मिळाला नाही. अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले आणि ३१ मे १८७४ रोजी, ५१ व्या वर्षी गेले. त्याच जातकुळीतलं चौलमुग्रा तेल पुढे १९४० च्या दशकापर्यंत जगभर वापरलं गेलं. म्हणजे भाऊंची दिशा चुकीची नव्हती. पण तेलाने हा रोग समूळ जात नव्हता. खात्रीचा इलाज आला तो अनेक औषधं एकत्र देण्याच्या पद्धतीने. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस १९८१-८२ च्या सुमारास केली. आज सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

भायखळ्याच्या संग्रहालयाला आज भाऊंचं नाव आहे. त्यांचा अभ्यास आणि गरिबांची कळकळ घेण्यासारखीच. गुपित तेवढं घेऊ नये.

कारण आपल्या हातातल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टिरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लालसर पडते, मुरुम वाढतात. बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावतो. अशी त्वचा सावरायला भारी मशीन लागतेच असं नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा. ट्यूब कशी थांबवायची ते तोच सांगेल. बाकी सवयी साध्या आहेत. सौम्य साबण, मॉइश्चरायझर, उन्हात सनस्क्रीन आणि डोक्याला रुमाल किंवा टोपी. पुटकुळ्या फोडायच्या नाहीत, झोप मोडायची नाही. फरक दिसायला काही महिने लागतात.

आणि पुढची ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं आधी वाचायची.