डॉक्टर रूपाबाई फरदूनजी

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे रोगी शस्त्रवैद्याला दुवा देतो. आपणांस भूल देऊन आपल्या श्वासावर कोणी अखंड लक्ष ठेविलें होतें, याचें त्याला स्मरणहि नसतें. तेंच काम पारशी समाजांतील रूपाबाई फरदूनजी यांनीं आपलें मानिलें.

मराठवाडा ज्या निजामी राज्यांत मोडत असे, त्याच्या राजधानींत, हैदराबादेंत, १८८५ सालीं पांच स्त्रियांना वैद्यकीय शाळेंत प्रवेश मिळाला. रूपाबाई त्यांपैकीं एक. १८८९ सालीं त्या हकीम ही पदवी मिळवून बाहेर पडल्या आणि डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या हाताखालीं क्लोरोफॉर्म देण्यांत निष्णात झाल्या.

क्लोरोफॉर्मनें वेदना शमे. पण क्वचित् रोगी मेजावरच दगावे. आधीं हृदय थांबतें कीं श्वास, याविषयीं मोठा वाद होता. निजामाच्या द्रव्यसाहाय्यानें १८८८ व १८८९ सालीं दोन चौकशी-मंडळें बसलीं. त्या कार्याला रूपाबाईंचाहि हातभार लागला. मंडळांचा निर्णय श्वासाच्या बाजूनें पडला. परंतु हृदयहि अकस्मात् थांबतें, हें १९११ च्या सुमारास प्रयोगांनीं सिद्ध झालें. म्हणून आज दोहोंवर लक्ष ठेवितात.

भूल देणाऱ्यास पदार्थविज्ञान व रसायन यांचें ज्ञान हवें, म्हणून १९०९ सालीं रूपाबाई एडिंबरोस गेल्या. वीस वर्षांच्या अनुभवानंतर त्या पुन्हां विद्यार्थिनी झाल्या! १९२० सालीं चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षकपदावरून त्या निवृत्त झाल्या.

क्लोरोफॉर्म आतां मागें पडलें आहे. परंतु वैद्याच्या दक्षतेला रोग्याच्या सत्यवचनाची जोड आजहि लागते. गुंगींत घशाचा पहारा सुटतो व पोटांतील अन्न श्वासनलिकेंत उतरून प्राणावर बेततें. म्हणून सामान्यतः सहा तास अन्न व दोन तास पाणीहि वर्ज्य असतें. वैद्य याहून अधिक सांगेल तर तेंच पाळावें. दूध घातलेला चहा अन्नांतच जमा. हेंद्रेपाड्यांतील एखाद्या मातेनें मायेपोटीं लेंकराला तो घोटभर पाजला, तर निदान लपवूं नये; शस्त्रक्रिया लांबेल, पण लेंकरूं वांचेल. दमा, घोरणें, हलणारा दांत, रोजचीं औषधें, दारूचें व्यसन, पूर्वीं भुलीनें झालेला त्रास, हें सर्व आधींच सांगावें. गुंगी उतरली असें वाटलें तरी त्या दिवशीं एकट्यानें घरीं जाऊं नये, गाडी हांकूं नये. रूपाबाईंसारखा दक्ष वैद्य उशाशीं असला, तरी जें आपण सांगितलें नाहीं तें त्याला कसें कळावें?