पालवणकर बाळू : दाराबाहेर ठेवलेला कर्णधार

वय झालेला, दोन-चार लढती हरलेला हेवीवेट मुष्टियोद्धा पुन्हा किताबासाठी उभा राहू शकतो का, हा प्रश्न खेळाच्या पानांवर नेहमी चघळला जातो. जाणकार मंडळी त्याचे वय मोजतात, दम मोजतात, अंगावर चढलेली चरबी मोजतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. परंतु ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेरचीच जागा आली, त्या समाजाने याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. तो खेळाडू ऐन भरात होता तेव्हा त्याला आत घेतले होते का?

अमेरिकेचे उदाहरण घ्या. जॅक जॉन्सन हा एकेकाळी गुलामगिरीत राहिलेल्या आईबापांचा मुलगा. १९०३ साली तो काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या किताबाचा मानकरी झाला. खरा जगज्जेता जिम जेफ्रीज हा गोरा. त्याने काळ्या प्रतिस्पर्ध्याशी किताबासाठी लढायचे नाकारले आणि १९०५ साली अजिंक्य म्हणून निवृत्ती घेतली. जॉन्सनला किताबाची लढत मिळाली ती २६ डिसेंबर १९०८ रोजी, तीही दूर सिडनीला. तिथे त्याने टॉमी बर्न्सला हरवले. मग गोऱ्या अमेरिकेने काय केले? पाच-सहा वर्षे लढतीपासून दूर असलेल्या, वजन बेसुमार वाढलेल्या जेफ्रीजला परत बोलावून आणले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे पंधराव्या फेरीत जॉन्सनने त्याला लोळवले. थकलेल्या गोऱ्याला आग्रह करकरून संधी दिली गेली आणि भरातल्या काळ्याला वर्षानुवर्षे दारात तिष्ठत ठेवले गेले.

नेमकी याच वर्षांत आपल्या मुंबई-पुण्याच्या क्रिकेट मैदानांवर हीच कथा घडत होती. तिचा नायक होता पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळ कोकणातल्या पालवण गावचे, जात चर्मकार. वडील लष्करी नोकरीमुळे पुण्यात आले. पोरसवदा बाळू पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायचे, रोलर फिरवायचे काम करू लागले. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये पगार मिळाला. जाळी बांधणे, खेळपट्टी तयार करणे ही कामे होतीच. शिवाय सरावाला आलेल्या साहेबांना चेंडू टाकायचे. त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. बाद केले की ग्रेग आठ आणे देत असे, असे सांगितले जाते. परंतु बॅट काही कोणी हातात दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान, आणि चेंडू टाकत राहणे हे नोकराचे काम! त्या कामातूनच एक अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते, पण त्यांची जात नको होती. अखेर त्यांना संघात घेतले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत होते, कारण चेंडूला विटाळ होत नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र विटाळ जागा व्हायचा. इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. साताऱ्याच्या गोऱ्यांवर बाळूंच्या गोलंदाजीने विजय मिळवून दिल्यावर न्यायमूर्ती रानडे यांनी या सोवळ्यावरून पुणेकरांचे कान उपटल्याचे सांगितले जाते.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले. हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांनी विरोध केला, पण संघाला बळी घेणारा गोलंदाज हवा होता. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. ज्यांना मंदिरात जायला बंदी होती, त्यांनी हिंदूंच्या नावाला विजय मिळवून दिला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला. त्या पडझडीत पस्तीस वर्षांचे बाळू दुखरा खांदा घेऊन गोलंदाजी करत राहिले. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, त्यांतले ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतले. त्याच वर्षी त्याच इंग्लंडमध्ये जॅक जॉन्सनची गोऱ्या बिली वेल्सशी लंडनला लढत ठरली होती. साम्राज्यातल्या काळ्या प्रजेवर काय परिणाम होईल या धास्तीने गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. सत्तेला मुष्टियोद्ध्याच्या ठोशाची भीती नसते. खालचा माणूस वरच्याला हरवू शकतो, हे लोकांना दिसेल याची भीती असते.

बाळू परतले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी तरुण विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांचा संबंध होता, अशी नोंद आढळते. त्या वेळी बाळू हे समाजाचे सर्वात मोठे नाव होते.

मग कर्णधारपदाचा प्रश्न आला. अनुभव, कामगिरी, ज्येष्ठता, कोणत्याही कसोटीवर हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडेच यायला हवे होते. साधारण १९१० पासून त्यांच्या पाठीराख्यांनी दरवर्षी ही मागणी लावून धरली आणि दरवर्षी ती डावलली गेली. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी सत्काराच्या वेळी स्वतःच कबूल केले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. प्रतिवादीनेच दावा मान्य केल्यावर कोर्टात निकालाला वेळ लागत नाही. पण जातीच्या न्यायालयात अशी कबुली नोंदवली जाते आणि पुढची तारीख पडते.

१९२० साल उजाडले. बाळू ४४ वर्षांचे झाले होते. चौरंगी सामन्यांच्या पहिल्या लढतीसाठी त्यांना वगळले गेले. पै आजारी होते, म्हणून नेतृत्व देवधरांकडे गेले. बाळूंचे बंधू विठ्ठल हे ज्येष्ठ असूनही त्यांना डावलले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. आधी सन्मान, मग खेळ, असा तो पवित्रा होता. त्यावर गदारोळ झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी दोघे बंधू परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. दहा वर्षांच्या दाव्यावर पदरात पडले ते एवढेच!

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारू. ४४ व्या वर्षी बाळू कर्णधार होऊ शकले असते का? खांदा थकला होता, हे खरे. पण ३४ व्या वर्षी खांदा थकला नव्हता. तेव्हा कोणते कारण होते? वय हे कारण नव्हतेच, वय हे शेवटी सापडलेले निमित्त होते. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, ही त्यांची कारकीर्द. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्याने ठोठावलेले दार उघडले, पण धाकट्यासाठी.

पुढचा भाग आपल्याला अवघड वाटतो, म्हणून चळवळीत तो घाईने सांगितला जातो किंवा सांगितलाच जात नाही. बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ज्या पक्षांतल्या मंडळींना बाळूंना कर्णधार होताना पाहणे जमले नव्हते, त्यांना उमेदवार म्हणून मात्र ते चालले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

म्हणून बाळूंना विरोधक म्हणून मोडीत काढायचे का? नाशिककरांनी तरी तसे करू नये. २ मार्च १९३० पासून पाच वर्षे आपली माणसे काळारामाच्या दारात उभी होती. दादासाहेब गायकवाडांनी ती लाठ्यादगडांपुढे उभी ठेवली. बाळू तसेच दहा वर्षे कर्णधारपदाच्या दारात उभे होते. दार न उघडल्याचा अनुभव एकच, निष्कर्ष मात्र दोन निघाले. बाळूंना वाटले, आणखी चांगले खेळून, आणखी सबुरीने वागून दार उघडेल. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात सांगितले की हे घरच सोडायचे. पुढे संविधानात समान संधी हा हक्क म्हणून लिहिला गेला, कोणाच्या मेहेरबानीवर सोडला नाही. बाळूंचे आयुष्य हा त्या कलमामागचा पुरावा आहे, आणि विरोधी पक्षाच्या साक्षीदाराची साक्ष तर अधिकच वजनदार असते.

आजही आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेचे पाठ दिले जातात. गुणवत्ता असेल तर कोण अडवतो, असे विचारले जाते. मित्रहो, अशा वेळी आवाज चढवू नका. समोरच्याला बाळूंचे १७९ बळी सांगा, १९१० आणि १९२० ही दोन साले सांगा, आणि मधल्या दहा वर्षांत कमी काय पडले होते ते त्यालाच विचारा.